फाटक कोणत्या रंगाचं होतं

*(मुक्त ज्ञानकोशाच्या संकेतस्थळावर, ‘मुंगी’ या सदस्याच्या चर्चा पानावर)*

४ एप्रिल

प्रिय मुंगे,

अनेक आशीर्वाद.

शेवटी शिरले तुझ्या त्या ज्ञानकोशात. दर फोनला तुझी भुणभुण, “आत्या, जन्मभर छापखान्यात लोकांची प्रुफं तपासलीस, आता घरी बसून भिंतींतल्या चुका काढू नकोस. इथे ये. पगार नाही, पण चुका मुबलक आहेत.” आले. टोपणनाव हवं म्हणाले, ‘खाडाखोड’ घेतलं. लगेच निरोप आला की नवख्यांना वाट दाखवायला एक मार्गदर्शक देतात आणि माझी मार्गदर्शक ‘मुंगी’. म्हटलं, हिला बोट धरून मी चालवलं, आता ही मला चालवणार. चालव बाई.

पहिला लेख आमच्या बर्फाच्या कारखान्यावर लिहिणार. अण्णा, म्हणजे तुझे आजोबा, तिथे फोरमन होते आणि फाटकाला लागून असलेल्या खोल्यांत मी आणि तुझा बाप लहानाचे मोठे झालो. तुमच्या ज्ञानकोशात बर्फावर लेख आहे, बर्फ फोडायच्या टोच्यावरही आहे, आणि एवढ्या मोठ्या कारखान्यावर नाही, हे काही बरं नाही.

आता घरचं. तुझ्या लग्नाच्या नोंदणीला साक्षीदार म्हणून सही करायला मी आनंदानं येईन. मात्र तुझा बाप येणार असेल तर येणार नाही. तू म्हणतेस, आत्या, सोडून दे. कसं सोडू? स्वतःच्या निरोप समारंभात, भरल्या सभागृहात, माइकवर तो म्हणाला, “माझ्या धाकट्या बहिणीला सायकल मी शिकवली.” मी जागेवर उभी राहून एवढंच म्हटलं, “चूक. मी आपली आपण शिकले.” त्यावर त्यानं माइक माझ्यापुढे धरला, “मग तूच बोल.” मी बोलले. जरा लांबलं, मान्य. पण बोल म्हटल्यावर माणूस बोलणारच. तेव्हापासून तो गप्प आणि मीही गप्प.

तुझ्या होणाऱ्या सासूबाईंचा फोटो पाहिला. बाई चिडक्या वाटतात. सांभाळून राहा.

तुझी,
आत्या

---

*(मुंगीची आत्याला मेल)*

५ एप्रिल

आत्या,

आधी घोटभर पाणी पी आणि मग वाच.

कालचं पत्र तू माझ्या चर्चा पानावर लिहिलंस. ती माझी पत्रपेटी नव्हे, चौकातला फळा आहे. जगातला कोणीही येऊन वाचतो. मी सकाळी दात घासता घासता पाहिलं आणि पुसून टाकलं, पण आमच्याकडे पुसलेलंही जुन्या आवृत्त्यांत राहतं. तोवर एका अनोळखी सदस्यानं त्याखाली लिहूनही ठेवलं होतं, “सासूबाईंच्या स्वभावाविषयीच्या विधानाला संदर्भ हवा.”

तेव्हा घरचं सगळं या मेलवर. ज्ञानकोशातलं तिकडे.

आता मार्गदर्शक म्हणून सांगते, रागावू नकोस. आपल्याला माहीत आहे म्हणून काही लिहायचं नाही. दुसऱ्या कोणीतरी आधी छापलेलं असेल तेच, आणि कुठे छापलंय ते सांगून लिहायचं. आठवण हा संदर्भ होत नाही. घरच्या माणसांवर लिहायचं नाही, म्हणून अण्णांचं नाव नको. कोणी तुझं वाक्य बदललं तर तो भल्यासाठीच बदलतोय असं धरून चालायचं. हा नियम तुला जड जाणार, मला माहीत आहे. आणि सगळ्यात कडक नियम: टोपणनावामागे कोण आहे हे ठाऊक असलं, तरी फोडायचं नाही. कोणाचंच नाही.

आता माझं ऐक. २० जूनला नोंदणी आहे. माझ्या बाजूनं दोन साक्षीदार लागतात. मला तू आणि बाबाच हवे आहात. तिकडून बाबाही तेच म्हणतात, “ती येणार असेल तर मी नाही.” तुम्ही दोघंही अडून बसलात तर मी त्या ऑफिसातला शिपाई आणि खालचा पार्किंगवाला यांना उभं करीन आणि जन्मभर लग्नाच्या फोटोत त्यांचे चेहरे बघत बसेन. विचार कर.

मुंगी

---

*(आत्याची मुंगीला मेल)*

१९ एप्रिल

मुंगे,

तुझ्या लग्नाचं मागाहून बोलू. आधी मला हे सांग, हा ‘थंड डोकं’ कोण?

मी लेख घातला. छोटाच, नेटका. त्यात लिहिलं, “कारखान्याचे मुख्य फाटक हिरव्या रंगाचे होते.” चहा ठेवायला उठले, येऊन बघते तर निळ्या रंगाचे! बदलणाऱ्याचं नाव थंड डोकं. मी परत हिरवं केलं. चहा गाळला, पुन्हा निळं. कारण द्यायच्या चौकटीत काय लिहितो, “मी तिथे रोज होतो.” रोज होता म्हणे! रोज तिथे आम्ही होतो. त्या फाटकाच्या गजांवर लोंबकळून माझे फ्रॉक फाटलेत.

मग मी कारण लिहिलं, “आपला गैरसमज झाला आहे.” त्यानं लिहिलं, “गैरसमज आपला.” मी लिहिलं, “चष्मा बदला.” त्यावर त्यानं कारखान्याच्या भोंग्याचं वाक्यही बदललं. म्हणे भोंगा दुपारीही वाजायचा. दुपारी वाजत नव्हता, ती पिठाच्या गिरणीची शिट्टी!

दुपारभर हेच चाललं. शेवटी पानावर एक पाटी आली की दोन्ही सदस्यांनी हात आवरावा. मला! ज्या बाईनं कधी कोणाला एक वेलांटी जास्त दिली नाही, तिला!

हा भल्यासाठीच करतोय असं मी धरून चालायचं? चालायचं कुठवर?

आत्या

---

*(मुंगीची आत्याला मेल)*

२० एप्रिल

आत्या,

पानावरची ती पाटी उतरव म्हणालीस तरी मला उतरवता येत नाही. तू एका दिवसात फाटक इतक्या वेळा रंगवलंस की कारखान्यानंही कधी रंगवलं नसेल.

थंड डोकं हा माझ्याच वाटणीला आलेला दुसरा नवखा आहे. कोण आहे ते मला माहीत नाही आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं. त्याच्याशी लेखाच्या चर्चा पानावर बोल. चष्म्याविषयी नको, फाटकाविषयी.

मुंगी

---

*(बाबांची मुंगीला मेल)*

२४ एप्रिल

चि. मुंगी हिस,

विषय: थंड डोकं.

तो मी आहे. हे कोणालाही, विशेषतः तुझ्या आत्याला, सांगू नये. तुमच्याकडे तसा कडक नियम आहे असं मी तुझ्याच पानावर वाचलं.

तुझं ते पान मी रोज सकाळी चहाबरोबर वाचतो. नवख्यांना तू इतक्या सबुरीनं समजावतेस की बरं वाटतं. घरी हा गुण कधी दिसला नव्हता. तर ४ तारखेला चहा घेताना त्यावर ठकीचं, तुझ्या आत्याचं, पत्र दिसलं. चहा अंगावर सांडला. चार वर्षं एक शब्द नाही, आणि आता जगापुढे सांगते, आपली आपण शिकले! सायकलचा दांडा मला पोटात लागला होता, त्याची खूण अजून आहे. ती संदर्भ म्हणून चालत नसेल तर तुमचा नियम चुकीचा आहे.

म्हणून मी नाव नोंदवलं. भांडायला नाही. ती काय लिहिते ते बघायला. पण तिनं फाटक हिरवं लिहिलं आणि मला राहवलं नाही. ते निळं होतं, बाळा. मी शपथेवर सांगतो.

तू मार्गदर्शक आहेस. एकदाचा निकाल दे आणि मोकळी हो.

बाबा

ता. क. ज्या टंकल्या की तुमच्याकडे आपोआप सही उमटते, त्या चार नागमोडी रेघा कळफलकावर कुठे सापडतात ते कळलं. आता मी खात्रीसाठी दोनदा सही करतो.

---

*(मुंगीची बाबांना मेल)*

२५ एप्रिल

बाबा,

हे तुम्ही मला का सांगितलंत? २० तारखेला मी आत्याला सांगितलं की मला माहीत नाही, तेव्हा ते खरं होतं. आता रोज तिच्याशी गप्प राहावं लागणार. मी रात्रंदिवस लोकांना हा नियम शिकवते आणि माझ्याच घरात मला तो काट्यासारखा टोचतोय.

निकाल देणार नाही. मार्गदर्शक वाट दाखवतो, न्याय करत नाही. आणि निकालाची गरजही उरणार नाही बहुतेक, कारण तुम्ही दोघांनी केलेला आरडाओरडा ऐकून लोकांचं लक्ष तिकडे गेलं आणि आज कोणीतरी तो लेखच काढून टाकावा असा प्रस्ताव घातलाय. कारण: एकही छापील संदर्भ नाही. नुसती दोन माणसांची आठवण, आणि तीही एकमेकांशी जुळत नाही. महिन्याभरात संदर्भ मिळाले नाहीत तर तुमचा कारखाना गेला. हिरवा काय नि निळा काय.

आणि २० जूनला माझे साक्षीदारही असेच जाणार, एवढं लक्षात ठेवा.

मुंगी

---

*(आत्याची मुंगीला मेल)*

१७ मे

मुंगे,

लेख वाचला! लेख काढायच्या प्रस्तावाची पाटी आज उतरली. ‘राहावा’ असा निर्णय झाला.

आणि तुला खरं वाटणार नाही, तो वाचला थंड डोक्यामुळे. मी प्रस्तावाच्या पानावर एकटी भांडत होते. “हा कारखाना महत्त्वाचा होता,” लिहिलं, तर लोक म्हणतात, “महत्त्वाचा होता असं कोणी छापलं?” तेवढ्यात हा उगवला. म्हटलं, झालं, आता हा उरलासुरला पाडणार. तर त्यानं लिहिलं, “लेख राहावा. लिहिणारी व्यक्ती हट्टी आहे, पण खोटं लिहिणारी नाही.” मी ते दोनदा वाचलं. माझ्या उभ्या हयातीत माझ्याबद्दल कोणी इतकं बरोबर छापलेलं नाही.

मग आम्ही वाटून घेतलं. तो त्याच्या गावातल्या वाचनालयात जाऊन बसला आणि इंजिनिअरांच्या कुठल्याशा जुन्या मासिकातून बर्फ गोठवायच्या अमोनियाच्या यंत्राचं सगळं वर्णन काढून आणलं. मी नगरपालिकेची स्मरणिका शोधली. तिची प्रुफं मीच तपासली होती, त्यामुळे तिच्यावर माझा विश्वास नव्हता, पण इतरांना चालली. रोज संध्याकाळी तो काय आणतो याची मी वाट बघायचे. माणूस भांडखोर आहे, सही दोनदा करतो, पण कष्टाळू. एक काम हातात घेतलं की सोडत नाही.

फाटकाचा रंग कुठेच छापलेला नाही. म्हणून आम्ही तडजोड केली: “मुख्य फाटक रंगवलेले होते.” यावर दोघांचंही दुमत नाही.

मी त्याला शाबासकीच्या बिल्ल्याचं चित्र दिलं, त्याच्या पानावर. आणि गंमत म्हणून चर्चेत एक आठवण लिहिली, की एकदा बर्फाच्या एका लादीत लोकरीची टोपी गोठून निघाली होती आणि गिऱ्हाईक लादी घेऊन परत आलं होतं. लेखात घेता येणार नाही, माहीत आहे. नुसती गंमत.

खरं सांगू? असा एखादा भाऊ असता, तर बरं झालं असतं.

तुझ्या २० तारखेचं तू पुन्हा विचारलंस. माझं उत्तर तेच आहे.

आत्या

---

*(बाबांची मुंगीला मेल)*

१९ मे

चि. मुंगी हिस,

तिनं मला शाबासकी दिली. मी ती छापून घेऊन कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे. आयुष्यात तिनं मला दिलेली ही पहिली.

आता अडचण अशी. तिनं टोपी लिहिलंय. टोपी नव्हती. दोन दिवस झाले, मला घास गिळवत नाही. दुरुस्त केलं तर ती मला ओळखणार, आणि शाबासकी परत घेणार. नाही केलं, तर जगाच्या पाठीवर ते चुकीचं राहणार. काल मी चौकटीत लिहिलं आणि पुसलं. आज पुन्हा लिहिलं आणि पुसलं.

काय करू?

बाबा

---

*(मुंगीची बाबांना मेल)*

१९ मे

बाबा,

मुलगी म्हणून मी काहीच सांगणार नाही. मार्गदर्शक म्हणून सांगते, आमच्याकडे नवख्यांना पहिल्या दिवशी शिकवायचा नियम आहे: बिचकू नका. चूक दिसली की दुरुस्त करा.

मुंगी

---

*(आत्याची मुंगीला मेल)*

१ जून

मुंगे,

पंधरा दिवस मेल केली नाही. कारण तुला माहीत आहे, आणि तुला माहीत आहे हेही मला आता माहीत आहे.

मी टोपी लिहिलं होतं ना, त्याच्याखाली थंड डोक्यानं दोनच शब्द लिहिले. “मोजा. डावा.” आणि खाली दोन सह्या.

मी पडद्यासमोर बसून राहिले. दूध उतू गेलं, त्याचा वास घरभर झाला, तरी उठले नाही.

मोजाच होता. लोकांनी खायच्या बर्फात मोजा, असं चारचौघांत लिहायला बरं वाटेना म्हणून मी टोपी केली. आम्ही दोघं बर्फासाठी पाणी भरलेल्या साच्यांच्या वरच्या फळीवर पाय सोडून बसलो होतो. बसायला बंदी होती. माझा मोजा सैल होता, पाण्यात पडला आणि आम्हाला काढता आला नाही. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक लादी घेऊन आलं, आत मोजा, काचेत ठेवल्यासारखा. अण्णांनी आम्हाला ओळीनं उभं केलं आणि विचारलं, कोणाचा? दादा म्हणाला, “माझा.” त्याचं पाऊल एवढं मोठं, की तो मोजा त्याच्या टाचेवरही चढला नसता. पण अण्णांनी विश्वास ठेवला. संदर्भ न मागता. थंडी संपेपर्यंत त्याला कारखान्यात पाय ठेवायची मनाई झाली, आणि मी त्याच फळीवर एकटी जाऊन बसायचे. तिथे अजिबात मजा यायची नाही.

तो मोजा डावा होता हे ठाऊक असणारी माणसं तीन. त्यांतले अण्णा आता नाहीत.

तुझ्यावर रागावले आहे. तुला कधीपासून माहीत होतं ते विचारणार नाही, कारण तू नियम सांगशील. आणि तो बरोबर असेल, हा आणखी एक राग. ‘असा भाऊ असता तर’ असं मी तुला लिहिलं होतं, ते पुसून टाक. नाही, थांब, राहू दे. नाहीतरी तुमच्याकडे पुसलेलं राहतंच.

त्याला फोन लावायला घेते आणि ठेवून देते. काय बोलायचं? लिहायचं असेल तर मला जमतं.

आत्या

---

*(मुक्त ज्ञानकोश, ‘बर्फाचा कारखाना’ या लेखाचं चर्चा पान)*

२ जून

विभाग: साक्षीदार

थंड डोकं यांस: हे पान सगळ्यांना दिसतं हे मला आता माहीत आहे. दिसू दे. २० तारखेला सकाळी नोंदणी कार्यालयात एका मुलीला दोन साक्षीदार हवे आहेत. आपण येणार असाल तर मीही येते. पांढरा शर्ट घालावा. तो करडा नको. — खाडाखोड

येतो. करड्या शर्टात काही वाईट नाही. फाटक निळं होतं. — थंड डोकं — थंड डोकं

हिरवं. — खाडाखोड

दोन्ही सन्माननीय सदस्यांस नम्र विनंती: चर्चा पान केवळ लेखाच्या सुधारणेसाठी आहे. कपड्यांविषयीची चर्चा इतरत्र करावी. — अडगळ

अडगळ यांस: सुधारणाच चालली आहे, जरा थांबा. थंड डोकं, आणखी एक दुरुस्ती आहे. कारखान्याच्या फाटकापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सायकलची सीट मागून धरून तुम्ही धावत होता. हे खरं आहे. तोल माझा मी सांभाळला. हेही खरं आहे. मतभेद असेल तिथे दोन्ही बाजू द्याव्यात, असं आमच्या मार्गदर्शक बाई सांगतात. — खाडाखोड

मान्य. पण मी गिरणीच्या खूप अलीकडे सीट सोडली होती, ठके. तू पुढे एकटीच गेलीस. एकदाही मागे वळून बघितलं नाहीस. — थंड डोकं — थंड डोकं

कशाला बघू? तू मागे आहेस, असं धरून चालले होते. — खाडाखोड